पानावरचे लाल ठिपके

गंगापूर रोडच्या नर्सरीवाल्यावर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. इतकं गोड बोलणारा माणूस रोगट झाडच गळ्यात मारणार! माझं हे घरातलं पहिलंच झाड. व्हिडिओ बघून बघून मी त्या पीस लिलीची कुंडी बदलली, हॉलमध्ये ऊन येत नाही म्हणून वर झाडांसाठीचा खास दिवाही लावला. तरी पानं पिवळी पडायला लागली. मी बेताने पाणी घालायचे आणि माती मात्र कायम चिकचिकीत. मग माझा संशय कामवाल्या मावशींवर गेला. त्या म्हणाल्या, "मी कशाला हात लावू? तुम्ही ओरडता." तेही खरंच होतं.

त्यात एका सकाळी पानांवर लाल ठिपके दिसले. झालं, रोगच! नर्सरीवाल्याला फैलावर घ्यायचं म्हणून फोटो काढायला वाकले, तर ठिपक्याला लागलेलं बोट लाल झालं. वास घेतला. कुंकू.

मागे वळले. गावाहून माझ्याकडे राहायला आलेले वडील पूजा आटोपून उभे होते, हातात देवांच्या आंघोळीच्या पाण्याचं ताम्हन. ते पाणी मोरीत ओतायचं नसतं, तुळशीला घालायचं असतं. माझ्या फ्लॅटमध्ये तुळस नाही.

"बाबा, हे तुमचं काम?" मी कडाडले.

"दिवसभर त्याच्यापुढे दिवा लावून ठेवतेस," ते शांतपणे म्हणाले. "मला वाटलं, आमच्या देवांना मानत नाहीस, पण निदान ह्याला तरी मानतेस."