टपावरचं पोळं

ही गेल्यापासून आमची फिरायची व्हॅन दारातच उभी होती. टपावरच्या एसीत गांधीलमाश्यांनी पोळं केलं, म्हणून सात रस्ता चौकातून मेकॅनिक बोलावला. त्यानं वर चढून पत्र्यावर तीनदा टकटक केली आणि परक्याच्या दारात थांबावं तसा थांबला. मग डब्यात कडुलिंबाचा पाला पेटवून धूर करत बसला.

मी वैतागलो. "काढून टाका ना पटकन!"

"घर हाय त्यांचं. सावकाश जाऊ द्या की."

उतरल्यावर हात पुसत म्हणाला, "काका, फिरत्या गाडीत त्या घर करत न्हाईत. रोज एक फेरी मारा."

आता रोज सात रस्त्यापर्यंत जाऊन येतो. एसी लावतो, पण शेजारच्या सीटकडची झडप बंद ठेवतो. हिला गार वारा सोसत नाही.