‘ठीक झालं’ची चौकट

गुनवरला काही केल्या उमगेना. उत्तर नॉर्वेतल्या छोट्या विमानतळावर सुरक्षेचे अहवाल वाचण्यात तिची एकोणीस वर्षं गेली होती. विमानं उभी करायच्या तीन नंबरच्या जागेवर बर्फामुळे उभं विमान चाकांना लावलेल्या ठोकळ्यांसकट घसरतं, असे हिवाळ्याच्या तोंडाशी सहा अहवाल आले. प्रत्येकाच्या शेवटी एकच, ‘ठीक झालं’. नाताळनंतर मात्र एकही नाही.

“म्हणजे सुटला की प्रश्न!” तिचा साहेब तुरगैर म्हणाला. “प्रश्न मिटला, असं लिहून कर सही. शुक्रवारच्या बैठकीत दाखवायला एक तरी चांगली गोष्ट होईल.”

तिचा पेन टेकेना. तिथं कुणी काही बदललं नव्हतं, मग घसरणं थांबलं कसं? आणि थांबलं नसेल, तर चाकापाशी वाकणाऱ्या कुणाचा तरी पाय जाईल, आणि कागदावर सही तिची असेल.

थर्मास घेऊन ती तडक बाहेर गेली. ठोकळे लावणारा जुना कामगार ऑड्वार बादलीतून वाळू पसरत होता.

“ही वाळू कुठली रे?”

“घरची. नाताळपासून आणतोय. आज बाईसाहेब वाट चुकल्या वाटतं!”

“थट्टा पुरे. विमान अजून घसरतं?”

“परवाच वीतभर सरकलं. सीवर्टचा बूट अडकला. देवाची कृपा, पाय वाचला.”

“मग लिहिलं का नाहीस?”

“कशाला? आमच्या सहाही अहवालांना तूच कळवलंस ना, ‘प्रकरण बंद’? म्हटलं, कंटाळली बिचारी आम्हाला.”

गुनवरनं थर्मास खाली ठेवला. ‘प्रकरण बंद’ म्हणजे अहवाल नोंदवला, एवढंच. कार्यालयात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण फक्त कार्यालयातच.

“आणि तुम्ही ‘ठीक झालं’ का लिहिता?”

“कुणी मेलं नाही म्हणून.”

तिनं सही केली नाही. सातवा अहवाल तिनंच लिहिला, आपल्याच कार्यालयाविरुद्ध. ‘शेवट काय झाला?’ याखाली दोनच चौकटी होत्या, ‘ठीक झालं’ आणि ‘अपघात’. मनात देवाचं नाव घेऊन तिनं पेनानं तिसरी काढली, ‘अजून संपलेलं नाही’.

“अशी चौकट फॉर्मात नाही, गुनवर,” तुरगैर म्हणाला.

“नाही ना? तेच तर लिहिलंय.”

शुक्रवारी बैठकीत त्यानं तो कागद पुढं ठेवला. दोन आठवड्यांत नव्या फॉर्मावर तिसरी चौकट आली, तीन नंबरला वाळूची पेटी आली. ऑड्वारनं बादली घरी नेली.

गुनवर मात्र जुन्या कपाटासमोर उभी होती. एकोणीस वर्षांच्या बंद फायली. यातली किती प्रकरणं खरंच मिटली होती? तिला सांगता येईना. तिनं पहिली उघडली.