मावशींना कोणी विचारलंच नव्हतं

वहिनींना रेस्टॉरंट चालवण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बावीस वर्षं त्यांनी वाचनालयात काढलेली, जिथे खुर्ची सरकली तरी माणसं वळून बघतात. नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी सहा महिने जिना उतरायचा नाही असं बजावलं, आणि घराखालचं चौदा टेबलांचं रेस्टॉरंट त्यांच्या गळ्यात पडलं. मालकाची बायको, म्हणून सगळ्यांच्या त्या वहिनी झाल्या.

पहिल्या दोन महिन्यांत चार जण सोडून गेले. कारण विचारलं की प्रत्येकाचं एकच उत्तर, "घरी अडचण आहे." चार घरांत एकदम अडचण येत नाही, एवढं वहिनींना कळत होतं.

"काहीतरी बक्षीस लाव," नवऱ्याने अंथरुणातून सल्ला दिला. "हुरूप येतो माणसांना."

वहिनींनी 'महिन्याचा मानकरी' असा फलक केला आणि सगळ्यांत जुन्या वेटरचा फोटो लावला. आठ दिवसांत बाकीच्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. गिऱ्हाइकाने पाणी मागितलं की म्हणायचे, "मानकरी आणतील." नवव्या दिवशी त्याने स्वतःच फोटो काढून खिशात घातला. "राहू द्या वहिनी. मला यांच्यातच दिवस काढायचेत."

मग एकदा भांडी घासणाऱ्या मावशी तापाने फणफणल्या. बदली माणूस मिळेना. वहिनींनी बाह्या सरसावल्या आणि दुपारच्या गर्दीत मोरीपाशी उभ्या राहिल्या. तीन तासांत त्यांच्या वाट्याला एकच शब्द आला, "लवकर!" म्हणणाऱ्याने कोण घासतंय तेही पाहिलं नाही. आचारी तापट म्हणून त्याला माघारी सगळे 'भडका' म्हणत. शेवटी तो ओरडला, "मावशी, झोपलात काय?" वहिनी वळल्या. त्याच्या हातातला झारा तसाच राहिला.

त्या पुन्हा भांड्यांकडे वळल्या. दोन वाजल्यानंतर सुपाच्या वाट्या अर्ध्या भरलेल्याच परत येत होत्या, हे त्यांनी पाहिलं.

मावशी बऱ्या होऊन आल्यावर त्यांनी विचारलं, "सूप उरतं का हो एवढं?"

"माझं काही चुकलं का?" मावशी घाबरल्या.

"नाही हो. तुम्हाला माहीत असेल म्हणून विचारतेय."

"दोननंतर खारट होतं ते. एकच पातेलं, सकाळपासून आचेवर. आटणारच की. अकरा वर्षं बघतेय."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं कोणी?"

त्या दिवशी चार वाजता, हॉल रिकामा असताना, वहिनींनी टेबलं जोडली आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं. गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांवर बसायला कोणी धजेना. "बसा की, चावत नाहीत त्या," वहिनी म्हणाल्या. जेवता जेवता त्यांनी मावशींना बोलतं केलं.

भडका भडकला. "आता मीठ किती घालायचं ते मोरीवरून ठरणार का?"

मावशींनी मान खाली घातली.

"तसं नाही भाऊ. काय परत येतं ते त्या सांगतायत. तुम्हाला आतून ते दिसत नाही. मलाही दिसलं नव्हतं." वहिनींनी पातेल्यातलं उरलेलं सूप त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने एक चमचा तोंडात घातला. मग हळूच म्हणाला, "पाणी द्या."

आधी जुना वेटर हसला, मग सगळे, आणि शेवटी तो स्वतः.

दुसऱ्या दिवसापासून सूप दोन छोट्या पातेल्यांत, दोनदा होऊ लागलं. दुपारी आचारी मोरीपाशी आला. "मावशी, आज काय परत आलं?"

"सुपाचं काहीच नाही. पुसून खाल्ल्यासारख्या वाट्या आल्या."

तो उगाचच हात पुसत तिथे थोडा वेळ उभा राहिला. मावशींनी ही गोष्ट त्या दिवशी वहिनींना तीनदा सांगितली.

चारची पंगत रोजची झाली. सगळं गोडीगुलाबीने चाललं असं नाही. सुट्ट्यांवरून एकदा इतकी जुंपली, की एक वेटर ताटावरून उठून गेला. वहिनींनी कोरा कागद टेबलावर ठेवला. "तुम्हीच ठरवा. मी फक्त सही करीन." चार दिवस घासाघीस झाली आणि खाडाखोडीने भरलेली, तीन हस्ताक्षरांतली यादी त्यांच्या हाती आली. ती मात्र सगळ्यांनी पाळली. त्यानंतरही एक जण गेलाच, मोठ्या हॉटेलात. पण जाताना त्याने कारण खरं सांगितलं, आणि वहिनींना तेवढंच पुष्कळ वाटलं.

वर्षाअखेरीस काउंटरसाठी माणूस हवा होता. वहिनी जाहिरात लिहीत असताना आचारी दारात येऊन घुटमळला.

"वहिनी, माझी बायको हिशेबाला पक्की आहे. आत्ता जिथे आहे तिथे कंटाळलीय." मग घाईघाईने म्हणाला, "स्वभावाने माझ्यासारखीच आहे, आधीच सांगतो."

"इथे चालेल तुम्हाला? दिवसभर समोर?"

"मीच म्हटलं तिला. चांगली जागा आहे, ये म्हटलं."

वहिनींनी जाहिरातीचा कागद बाजूला सारला. "उद्या चारला घेऊन या. जेवायलाच या म्हणावं."