पोस्टकार्डावरचा गणपती

लतीफचाचा टांगेवाले नसते, तर माझा संसार आजही पोस्टकार्डावरच चालू असता. हे आधीच लिहून ठेवतो. कारण पुढची हकीकत ऐकताना लोक हसतात, सांगताना मीही हसतो, आणि त्या नादात उपकार तेवढा सांगायचा राहून जातो.

मी मूळचा कुडाळकडचा. सातवीत गणितानं माझ्यापुढं हात टेकले आणि मास्तरांनी मला मोकळं केलं. लग्न झालं, आणि लग्नाच्या अकराव्या दिवशी एका गाववाल्याच्या ओळखीनं मी नगरला आलो, तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या कारखान्यात ठोके मारायला. बायको, म्हणजे इंदू, राहिली माहेरी. "आधी घर करा जावयबापू, मगे चेडवाक धाडतंय," असं सासऱ्यांनी निघताना बजावलं होतं (चेडू म्हणजे मुलगी). घर कसलं! लतीफचाचांच्या तबेल्यामागं पत्र्याची खोली, आणि तिच्यात आम्ही कारखान्यातले चौघंजण.

दर रविवारी मी इंदूला कार्ड टाकायचो. आता आमच्या गावात कार्ड आलं की पोस्टमन अंगणात उभा राहून ते मोठ्यानं वाचतो. ऐकायला सासू, सासरे, शेजारीपाजारी, आणि दावणीची म्हैससुद्धा कान टवकारून! अशा सभेत 'तुझी आठवण येते' कसं लिहिणार? 'खोली गळते' लिहावं, तर ते सासऱ्यांच्याच कानावर जाणार. मग उरलं काय? देव! देवाबद्दल लिहिलं तर खोटं कोण म्हणणार?

म्हणून दर रविवारी मी चाचांजवळ जाऊन बसायचो. "चाचा, आज कोणतं देऊळ?" घोडीला खरारा करत ते सांगायचे. माळीवाड्याचा गणपती, केडगावची देवी, भिंगारच्या पुढचं जुनं दगडी शिवालय. अडचण एवढीच होती, की चाचा टांगा घेऊन बाहेर थांबायचे. आतलं त्यांनी काहीच पाहिलेलं नव्हतं. आतलं मी माझ्या मनानं भरायचो!

स्वतः जाऊन का पाहिलं नाही म्हणाल, तर भीती. कारखाना ते खोली एवढाच रस्ता मला पाठ होता. तिसरं वळण आलं की मी माघारी फिरायचो. हरवलो तर विचारू कोणाला, आणि विचारलं तर माझी बोली ऐकून लोक हसले तर? त्यापेक्षा खोलीत बसून देवदर्शन बरं.

अशी दीड वर्षं गेली, आणि एके दिवशी उलट टपाली सासऱ्यांचं कार्ड आलं. 'शुक्रवारी येत आहे. आपण लिहिलेली सर्व देवळे पाहावयाची आहेत. मनास पटल्यास चि. इंदूस पाठवू. न पटल्यास आपणच गावी परत यावे.'

मी कार्ड हातात घेऊन तबेल्यात गेलो आणि तिथंच गवतावर बसलो. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग चाबकाच्या दांड्यानं मातीत अख्खं नगर काढलं.

"हे बग सदा. आदी शिवालय. मंग भर उन्हात केडगाव. गनपती एकदम शेवटी. तवर म्हातारा दमून पेंगाय लागंल. देवळाम्होरं टांगा थांबवायचा, भाईरूनच हात जोडायला लावायचं, आन सुटायचं."

"आणि ते खाली उतरले तर?"

"तर तू आदी उतर आन पळ!"

"चाचा, केडगावचं देवस्थान माझ्या ओळखीचं आहे, तिथं सगळे मला नावानं हाक मारतात, असंही लिहून बसलोय."

चाचांनी कपाळाला हात लावला. "बरं. तिथली हारवाली माझ्या वळखीची हाय. सांगून ठिवतो तिला, मारंल हाक."

शुक्रवारी सासरे उतरले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात नारळांची पिशवी, आणि बगलेत माझी कार्डं! सुतळीनं बांधलेली, तारीखवार. सासरे म्हणजे आमच्याकडच्या ग्रामदेवतेचे मानकरी. देवापुढं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचाच. खोलीत शिरले (बाकी तिघांना मी कारखान्यात पाठवून दिलं होतं), छत्री टेकवली आणि पहिलं कार्ड काढलं.

"खिडकीतसून देवळाचो कळस दिसता म्हणान लिवलास. खंय आसा?"

खिडकीतून चाचांची घोडी आत बघत होती.

"कळसाच्या आड घोडी आली, मामा," मी म्हणालो.

सासऱ्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि कार्डावर एक फुली मारली.

शिवालय खरोखरच सुंदर होतं. काळा दगड, कोरीव खांब, आत गारवा. मला वाटलं, निभावलं. पण मी लिहिलं होतं की तिथं बारमाही कुंड आहे आणि सुट्टीच्या दिवशी मी त्यात पोहतो. कुंड होतं! पण लागोपाठ पावसानं दगा दिलेला, गावोगाव विहिरींनी तळ गाठलेला. कुंडाच्या तळाशी सावली बघून एक शेळी बसली होती.

"जावयबापू, तुमी हयसर पवतास?"

मी चाचांकडं बघितलं. चाचा पुढं सरसावले. "पावनं, पानी खाली गेलंय."

"किती खाली?"

"लई खाली!"

सासऱ्यांनी शेळीकडं बघितलं. शेळीनं माझ्याकडं बघितलं. दुसरी फुली.

केडगावला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. चाचांच्या हिशेबानं सासऱ्यांनी आता पेंगायला हवं होतं. पेंगत होतो मी! सासरे छत्री उघडून ताठ बसले होते आणि पुढचं कार्ड वाचत होते. देवळाशी टांगा थांबला. हारवालीनं चाचांना बघितलं, तिला सांगितलेलं सगळं आठवलं, आणि ती हात पसरून पुढं आली.

"या, या, सदाभाऊ! लई दिसांनी वाट वाकडी केली! आमच्यावर रुसला व्हय?"

एवढं सगळं ती सासऱ्यांना म्हणाली! टांग्यातून आधी तेच उतरले होते ना.

"माझा नाव सदा न्हय," सासरे म्हणाले.

"तिला नीट दिसत न्हाई पावनं," चाचा घाईघाईनं म्हणाले.

"कोन म्हंतं दिसत न्हाई?" हारवाली कडाडली. "सुईत दोरा ववते मी अजून!"

तिसरी फुली. देवीपुढं मी हात जोडले आणि डोळे मिटले. डोळ्यांपुढं इंदू. ती अंगणात उभी आहे, आणि पोस्टमन वाचतोय: 'जावई खोटारडा निघाला.' म्हैससुद्धा मान फिरवतेय.

माळीवाड्याच्या वाटेवर मी चाचांच्या शेजारी पुढं बसलो आणि हळूच विचारलं, "चाचा, गणपती कसा आहे हो आतून?"

"मला काय ठाव? मी भाईर घोडीपाशी. तू काय लिवलंस?"

"वीतभर मूर्ती, गोजिरवाणी. रोज पहाटे अंघोळ करून मी स्वतः मांडीवर दुर्वा ठेवतो."

चाचांनी लगाम खेचला. घोडी थांबली.

"लोक म्हंतात, लई मोठा हाय."

"किती मोठा?"

"आपल्या टांग्यात मावनार न्हाई!"

आता परत वळायची सोय नव्हती. देवळासमोर चाचांनी ठरल्याप्रमाणं टांगा थांबवला आणि म्हणाले, "जोडा हात हितूनच, पावनं. आत लई गर्दी हाय." आत गर्दी नव्हती. सासरे केव्हाच उतरले होते.

गाभाऱ्यापुढं मी खाली मान घालून उभा राहिलो. मग हळूहळू वर बघायला लागलो. पाय दिसले. पोट दिसलं. मान मागं टाकली तेव्हा सोंड दिसली. मुकुटापर्यंत पोचता पोचता माझी टोपी पडली! मांडीवर दुर्वा ठेवायच्या तर मला शिडीच लागली असती.

सासऱ्यांनी कार्ड बघितलं. मूर्ती बघितली. पुन्हा कार्ड बघितलं.

"वीतभर," ते म्हणाले. "ही वीत कोणाची? भीमाची?"

फुली मारण्यासाठी ते पेन्सिल काढतील म्हणून वाट बघत होतो. त्यांनी पेन्सिल काढली नाही. पिशवीतून नारळ काढला. म्हणजे आता गाऱ्हाणं!

गाऱ्हाणं म्हणजे काय ते नगरच्या लोकांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. मानकरी देवाला ठणकावून एकेक गोष्ट सांगतो, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा!' म्हणायचं असतं. ही देवासमोरची साक्ष. ती फिरवता येत नाही.

"बा देवा गणपती म्हाराजा!" सासऱ्यांचा आवाज घुमला.

आजूबाजूचे चार-सहाजण गोळा झाले. "म्हणा, व्हय म्हाराजा!" सासऱ्यांनी त्यांना शिकवलं. लोकांना मजा वाटली.

"व्हय म्हाराजा!"

"हो माझो जावय घरदार सोडून हय इलो!"

"व्हय म्हाराजा!" (हे मीही म्हणालो. खरंच होतं.)

"रोज पहाटे आंघोळ करून तुझ्या मांडयेर दुर्वा ठेयता!"

"व्हय म्हाराजा!" लोक ओरडले. एक म्हातारबाबा तर मुकुटाकडं आणि माझ्या उंचीकडं बघत, कौतुकानं ओरडले. मी ओठ घट्ट मिटले.

"तेना कार्डार लिवलेला अक्षर न् अक्षर खरा आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तेतूरला काय खोटा असात, तर माझा चेडू तेच्या घराक जावचा नाय, म्हाराजा!"

"व्हय..."

"नाय म्हाराजा!"

तो माझाच आवाज होता! आमच्या कोकणात देव घडल्यापासून कोणी गाऱ्हाण्यात 'नाय म्हाराजा' म्हटलेलं नाही. आणि मग माझं तोंड जे सुटलं, ते थांबेचना. "खोटं आहे म्हाराजा! मी आज पहिल्यांदा आलोय! पहाटे कसली अंघोळ, पाणीच एक दिवसाआड येतं! कुंडात पोहलो नाही, मला पोहताच येत नाही!" (कोकणातल्या माणसानं हे चारचौघांत सांगणं म्हणजे मरणच.) "खोलीत आम्ही चौघं राहतो! पण चेडवाक धाडू नको असं म्हणू नका म्हाराजा!" शेवटचं देवाला म्हणालो की सासऱ्यांना, ते अजून मला कळलेलं नाही.

पायरीवरून आवाज आला. चाचा घोडी सोडून दारापाशी आले होते.

"पावनं, एक सांगू का? एका कार्डाला ह्यो तीन तास लावायचा. तबेल्यात बसून लिवायचा आन मंग डोळं पुसायचा. देवळं खोटी असतील, रडनं खरं हुतं. माझ्या घरामागली खोली रिकामी हाय. पोरीला पाटवा. आमची बेगम हाय तिच्याकडं बघायला."

सासऱ्यांनी उचललेला नारळ खाली घेतला. म्हातारबाबांनी शेवटी विचारलंच, "आता आमी काय म्हनायचं, व्हय का नाय?"

सासरे माझ्याकडं वळले.

"मेल्या," ते म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच 'जावयबापू' आणि 'तुमी' सुटलं होतं. "कार्डार खोटा लिवलंस, ता चलात. गाराण्यात खोटा चलाचा नाय. खोटा बोलल्लंस असतंस, तर आज रातीच्या गाडयेन गेल्लंय असतंय." मग नारळ पुन्हा उंच धरला. "बा देवा म्हाराजा, चेडवाक धाडतंय! पण हेका थोडी अक्कल दी!"

"व्हय म्हाराजा!" एवढा मोठा आवाज त्या दिवसात झाला नव्हता. दारातून चाचांचा सगळ्यात मोठा.

वैशाखात इंदू आली. चाचांच्या घरामागची खोली खरंच रिकामी होती, आणि तिच्या खिडकीतून खरोखरच कळस दिसतो (घोडी हलली की). सगळी देवळं मला इंदूनं दाखवली. रस्ता तीच विचारते, मी मागून चालतो.

चाचांनी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. मला विचारतात, "केवढा असतो रे?" मी सांगतो, "तुमच्या टांग्यात मावणार नाही." एक दिवस मी त्यांना कोकणात नेईन, वाळूत उभं करीन, आणि त्यांच्या उपकाराची थोडी तरी फेड करीन. हे इथं लिहिलंय खरं, पण लिहून झाल्यावर इंदूनं मला गणपतीपुढं नेऊन त्याचं गाऱ्हाणंही घालून घेतलं. माझ्या नुसत्या लिहिण्यावर आमच्या घरात कोणी विश्वास ठेवत नाही!