जैनाबादच्या नारूबाई

१८ नोव्हेंबर १९५६, रविवार. दुपारी ओसरीवर गाद्यांच्या जुन्या खोळी उसवत बसले होते. अंगणात पिंजारी कापूस पिंजत होता आणि आत माझी नणंद कुसुम मशिनीवर नव्या खोळी शिवत होती. पिंजाऱ्याचं घर तापीपलीकडे, जैनाबादला. पिंजण थांबवून तो म्हणाला, "बाई, वो नारूबाई गुजर गई. परसों शाम. मिट्टी भी हो गई."

मशीन थांबली नाही. आतून कुसुम म्हणाली, "बरं झालं."

पिंजाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी हातातल्या खोळीकडे. मग तो पुन्हा कामाला लागला.

नारूबाईंना घाई करता येत नसे. जैनाबादहून त्या नावेनं आमच्या राजपुऱ्यात येत. परतताना नावाडी घाटावरून हाका मारी, उतारू चिडत, तरी त्यांची पावलं तेवढ्याच अंतरावर पडत. नाव गेली तर काठावर बसून दुसरीची वाट पाहत. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, हातात झाकणाचा पत्र्याचा डबा. त्या नगरकडच्या. वडिलांच्या वेळेपासून घर ख्रिस्ती. नवरा लवकर गेला, तेव्हा मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकल्या आणि इकडे जैनाबादच्या मिशन दवाखान्यात आल्या. इथं त्यांच्या वाट्याला नारूचे रोगी आले आणि नावही तेच पडलं.

ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी न गाळता प्यायलं की वर्षभरानं पायावर फोड येतो. तो फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकावतो. असतो दीड-दोन हात लांब. त्याचं टोक एका काडीला गुंडाळायचं, पायावर ओला फडका ठेवायचा आणि रोज दोन बोटं येईल तेवढाच बाहेर घ्यायचा. आत तुटला तर पू होतो, ताप चढतो आणि सांध्याजवळ असला तर सांधा कायमचा धरतो. म्हणून महिनाभर रोज दोन बोटं. नारूबाई म्हणत, "तो बाहेर यायलाच निघालाय. आपण फक्त ओढायचं नाही."

काडीला हात लावण्याआधी त्या कोपरापर्यंत हात धूत आणि क्षणभर डोळे मिटत. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, तहसीलीतले निवृत्त कारकून. नारूबाई आमच्याकडे आल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "बाई, आमच्या घरात प्रार्थना नको."

"मोठ्यानं करत नाही, मामा."

"मनात तरी काय मागता?"

"माझ्या हातांना घाई सुटू नये, एवढंच."

मामंजींनी खुर्ची दारातून बाजूला घेतली.

दुसरी सवय रोग्याला बोलतं करण्याची. दुखऱ्या माणसाचं लक्ष काडीवरून हटवायला त्या विचारत, "आज कुणाचा राग आला?" मग माणूस सुरू होई. सासू, भाऊ, बांध, सावकार. निंबोल्याच्या एका केळीवाल्याचा नारू निघायला बत्तीस दिवस लागले. भावाशी त्याचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात तोच भाऊ त्याला गाडीतून आणू लागला. मी विचारलं, तुम्ही त्याला काय सांगितलंत? "काही नाही. त्याचंच त्याला ऐकू आलं," त्या म्हणाल्या. पाय मोकळा झाला आणि आतलं आवळलेलंच राहिलं तर त्या त्याला बरं झालेलं माणूस मानत नसत. आतलंही सुटलं की त्याला त्या सुटका म्हणत. बरं होणं हा शब्द त्यांच्या तोंडी फार कमी येई.

पाच वर्षांपूर्वी आमच्या कुसुमच्या गुडघ्याच्या बाजूला नारू निघाला. आदल्या उन्हाळ्यात ती निंबोल्याला मावशीकडे राहिली होती, तिथल्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी भोवलं. कुसुम एकोणीस वर्षांची, रावेरचा मुलगा ठरलेला, वैशाखातला मुहूर्त. नारूबाई रोज येऊ लागल्या. कुसुम पदर तोंडावर घेऊन पडून राही, काडीकडे पाहत नसे. लग्नाला अठरा दिवस उरले तेव्हा मी नारूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अजून तीन आठवडे."

"तीन आठवड्यांनी वरात परत गेलेली असेल, बाई."

"मुहूर्त पुढं ढकला. नवरामुलगा कुठं पळून जात नाही, आणि गेला तर बरंच."

मी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. बारा दिवसांचं काम सहा दिवसांत करून घ्यायची मला सवय. रविवारी नारूबाई त्यांच्या प्रार्थनेला जात, इकडे येत नसत. त्या रविवारी दुपारी, पट्टी बदलते असं सांगून मी काडी धरली आणि ओढली. चार बोटं सहज आला. मला वाटलं, येतो की. आणखी ओढला. मग काडी एकदम हलकी झाली.

कुसुम किंचाळली. "पट्टी चिकटली होती," मी म्हणाले. तुटलेलं टोक काडीसकट पट्टीत गुंडाळलं आणि चहाचं आधण ठेवायला गेले.

रात्रभर तिचा गुडघा ठणकला. सोमवारी नारूबाईंनी पट्टी सोडली तेव्हा कुसुम पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून पाहत होती. काडी नारूबाईंच्या हातात सुटून आली. "तोडलात," कुसुम म्हणाली, "तुम्ही तोडलात." नारूबाईंनी काडीवरचं टोक पाहिलं. ते वाळलेलं होतं, म्हणजे आदल्या दिवशीच तुटलेलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचं घंगाळ घेऊन उभी होते, तशीच उभी राहिले.

"तुटलाय खरा," त्या म्हणाल्या, आणि हात धुवायला वळल्या.

पुढचे तीन महिने पू, ताप, चिरा. गुडघा धरला तो धरलाच. रावेरहून निरोप आला की मुलाचं दुसरीकडे जमलं. मामंजींनी मिशनच्या साहेबांना अर्ज करायचं ठरवलं. त्यांचा हात थरथरे आणि माझं अक्षर चांगलं, म्हणून ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. "सदर बाईच्या निष्काळजीपणामुळे" हे शब्द मी लिहिले. अर्जात नाव हवं म्हणून नारूबाईंचं खरं नाव पहिल्यांदा चौकशी करून काढलं. सारजाबाई याकोब. ते रेघेवर नीट बसवलं.

मिशनबद्दल गावात आधीच कुजबुज होती. दवाखान्याच्या नावाखाली बाटवतात, असं लोक बोलत. साहेब घाबरले. नारूबाईंना रोग्यांजवळून काढून मागच्या पडवीत पट्ट्या उकळायला बसवलं. पुढं राजपुऱ्यात नारू निघाला की लोक पुन्हा किडा ओढून काढणाऱ्या न्हाव्याकडे जाऊ लागले. त्यात किती जणांचे पाय गेले ते मी मोजलं नाही, पण रस्त्यात काठी टेकणारं माणूस दिसलं की मी दुसऱ्या बाजूनं चालू लागले.

पावसाळा संपता संपता सरकारी डॉक्टरांनी सांगितलं की गुडघा रोज वाकवला नाही तर मांडीही वाळेल. हात लावला की कुसुम असा आकांत करी की घरात कुणी धजेना. मी नदी ओलांडून जैनाबादला गेले. नारूबाई चुलाणासमोर बसून काठीनं पट्ट्या ढवळत होत्या. वाफेनं हात लाल झाले होते. त्यांनी मला बसायला पाट दिला.

"अर्ज मला वाचायला दिला होता," त्या म्हणाल्या. "अक्षर सुरेख आहे. तुमचंच ना?"

मी हो म्हटलं. मग विचारलं, "त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"बोलून काय? पोरीला तापात कुणीतरी सांभाळायला हवं होतं. ती तुमच्या तोंडाकडं बघायची नाही म्हणाली असती, तर तिला पाणी कुणी पाजलं असतं? मी तर नदीपलीकडची."

 त्यांनी पट्ट्या पिळून दोरीवर टाकल्या. "आता तिला ताप नाही," त्या म्हणाल्या. "आता सांगा. तिचा राग चुकीच्या दारात बसलाय. तो तिला गुडघ्यापेक्षा जास्त छळणार."

"सांगते."

"पाय मी बघते. गुरुवारी सुट्टी असते मला."

तेव्हापासून साडेचार वर्षं, पुराचे दिवस सोडले तर, त्या दर गुरुवारी आल्या. मामंजींना मी डॉक्टरांचं नाव सांगितलं आणि ते खोलीत जाऊन बसले. कुसुमनं मात्र एक गुरुवार मोकळा सोडला नाही. नारूबाई गुडघ्याखाली उशी घेत, तेल लावत आणि हळूहळू पाय वाकवत. कुसुम शिव्या देई.

"हात जळोत तुमचे."

"जळलेत की. बघा. पट्ट्या उकळून उकळून."

"लाज नाही वाटत परत यायला?"

"वाटते. बोला तुम्ही, पण पाय ढिला सोडा."

एकदा त्यांनी कुसुमला त्यांच्या धर्मातली एक गोष्ट सांगितली. एक बाई अठरा वर्षं कमरेत वाकलेली होती, तिला मान वर करता येत नव्हती. तिनं काही मागितलंही नव्हतं. येशूनंच तिला गर्दीतून हाक मारली, तिच्यावर हात ठेवला आणि ती सरळ झाली. कुसुम म्हणाली, "मग माझ्या पायाला का नाही मारत हाक?" मला वाटलं, आता उपदेश येणार. नारूबाई जरा वेळ तेल चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते मला माहीत नाही, पोरी. मला वाकवता येतो तेवढा मी वाकवते."

पाय थोडा वाकू लागला. दुसऱ्या वर्षी कुसुम काठीनं अंगणात आली, तिसऱ्या वर्षी मशीन घेतली. एका पायानं ती दिवसभर शिवते. गल्लीतल्या बायका कौतुक करतात तेव्हा ती म्हणते, "मिशनच्या बाईनं मोडलं, मी उभं केलं." हे ती त्याच बाईसमोरही म्हणाली आहे. नारूबाई डब्याचं झाकण लावत होत्या. "उभं तुम्हीच केलंत," त्या म्हणाल्या.

जाताना दारात त्या माझ्याकडे पाहत. विचारत नसत. मी मान हलवी, म्हणजे अजून नाही. कुसुमची प्रकृती, मग मामंजींचं आजारपण, मग मामंजींचं जाणं. कारण दर महिन्याला नवं सापडे. मामंजी गेले ते नारूबाईंना दोष देतच गेले. त्यांच्या उशाशी बसून मी ते ऐकलं.

यंदाच्या पावसाळ्यापासून नारूबाई येईनाशा झाल्या. छातीचं दुखणं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाहायला गेले. पडवीलगतच्या खोलीत खाटेवर होत्या. बोलताना दम लागत होता, तरी शब्द पूर्वीच्याच चालीनं येत होते.

"गुडघा वाकवते का रोज?"

"वाकवते. कुरकुर करते, पण वाकवते."

"आणि तुम्ही?"

"दिवाळी झाली की सांगते."

"सांगा," त्या म्हणाल्या. "पण माझ्यासाठी म्हणून नको. मला कुणी काही म्हटलं तरी झोप लागते. तुम्हाला लागते का, मास्तरीणबाई?"  त्यांनी माझा हात धरला. मला हात धरलेला आवडत नाही. तरी मी तो सोडवून घेतला नाही.

दिवाळी झाली. ऐन दिवाळीत, एक नोव्हेंबरला, राज्य बदललं. नागपूरला जाणारे शाळेचे कागद आता भोपाळला जायचे, नमुने नवे, सगळं हिंदीतून. पंधरा दिवस मी ते भरत बसले. ते काम खरंच होतं. आणि त्याच पंधरा दिवसांत पलीकडे नारूबाई गेल्या.

रविवारी पिंजारी गेल्यावर मी उसवलेल्या खोळी धुवायला टाकल्या. कुसुम दिवेलागणीपर्यंत शिवत होती. त्या बाईला काही ऐकू जाण्याची वेळ टळली होती. कुसुमची टळलेली नव्हती. ती आणखी चाळीस वर्षं एका मेलेल्या बाईला शाप देत जगली असती, आणि मी शेजारी बसून बटणं लावत राहिले असते.

सोमवारी सकाळी शाळेत चिठ्ठी पाठवून रजा घेतली. कुसुम मशिनीवर बसत होती. मी समोर पाट घेऊन बसले आणि सांगितलं. रविवार, पट्टी, चार बोटं, मग आणखी ओढलं ते, वाळलेलं टोक, अर्ज कुणाच्या अक्षरातला होता ते. काही मऊ करून सांगितलं नाही. सांगायला फार वेळ लागला नाही.

कुसुम मशिनीच्या चाकावर हात ठेवून बसली होती.

"त्यांना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तरी दर गुरुवारी यायच्या."

"हो."

तिनं चाकावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "वहिनी, मी काल बरं झालं म्हणाले."

मला तिला सांगता आलं असतं की तुला ठाऊक नव्हतं. सांगितलं नाही. ते तिला माझ्या तोंडून नको होतं.

तिनं काठी घेतली, पायात चपला सरकवल्या आणि विचारलं, "कुठं पुरलंय?" मी म्हटलं, दवाखान्याच्या मागे असेल, विचारू. राजपुऱ्यातून घाटापर्यंत आम्ही चालत गेलो. पाच वर्षांत ती एवढी चालली नव्हती. घाटाच्या पायऱ्या उंच आहेत. मी हात पुढे केला. तिनं तो धरला नाही. पलीकडे जाणारी नाव भरत आली होती आणि नावाडी हाका मारत होता. मी तिच्या एक पायरी पुढे राहून, ती थांबेल तिथं थांबत, खाली उतरत राहिले.