त्रेपन्न तारांची पेटी

पोरीचा कान तिखट आहे, हे आईला ती पाळण्यात असतानाच कळलं होतं. दार कुरकुरलं तरी भोकाड पसरायची. मोठेपणी ती एका दुकानात वाद्यं दुरुस्त करायला लागली, आणि दुकानातून आली की स्वतःची तारांची पेटी पुढ्यात घेऊन बसायची.

सप्तकात बारा सूर असले की जगाचं भागतं. पण त्या बारांतला जवळजवळ प्रत्येक सूर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांभाळून घेत किंचित खोटं बोलतो, आपल्या खऱ्या जागेवरून जरासा सरकतो. ते तिला दातात अडकलेल्या तुसासारखं सलायचं. म्हणून तिने सप्तकात एकोणीस तारा लावल्या. मग एकतीस. आता त्रेपन्न.

"एकोणिसांवर थांब," तेवढ्या तारा झाल्या तेव्हा दुकानमालक काका घरी येऊन म्हणाले होते. "त्यापुढचा खरेपणा ऐकू कुणाला येणार? आणि वाजवणाऱ्याला बोटं दहाच असतात, बाई."

"मला येतो ना ऐकू, काका."

"तुला काय, मुंगीचा खोकलाही ऐकू येतो!"

दोघं हसली. आई हसली नाही. पूर्वी चपखल बसणारं पेटीचं झाकण आता एका कोपऱ्यावर डुगडुगत होतं.

पेटी मुळात बारा तारांची. तारा वाढल्या तसा ताण वाढला, त्यांच्याखालची फळी वाकली. फळी वाकली की सूर उतरायचे. उतरलेला सूर लेकीला केसभरही खपत नसे. ती किल्लीने खुंटी आणखी पिळायची.

त्रेपन्नावी तार लावली त्या दुपारीही तेच चाललं होतं.

"अगं, पेटी वाकलीये."

"नवीन तार आहे, आई. ताणते थोडी."

"मग झाकण का बसत नाही?"

"मला झाकण वाजवायचं नाहीये."

तिने नेहमीसारखा कान फळीला लावला. डोळा तारांच्या अगदी वर. किल्ली फिरली. लाकडात कुठेतरी बारीक टक् झालं.

"ऐकलंस?"

"गप्प ना! आलाय जवळ सूर."

किल्ली पुन्हा फिरली. आईने वेणी धरून तिला मागे खेचलं, तोच फळी उभी फाटली. तार सळकन सुटली आणि तिच्या फटक्याने भिंतीचा पोपडा खाली आला.

पोर पांढरीफटक पडली. मग तिने वाकून ती फट बोटांनी चाचपली. सुटलो या नादातून एकदाचे, असं आईला वाटलं.

"फळीच पातळ होती," लेक पुटपुटली. "दुप्पट जाड घेऊ. मग कितीही ओढता येईल."

आईच्या मुठीतली वेणी अजून सुटली नव्हती.