सेन्सरवरचं कुंकू

आमच्या प्राचार्यांनी मावशींना लॅबमधून हलवायचं ठरवलं, तेव्हा माझं डोकंच सटकलं. लातूरच्या एका कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवतो. मावशी आमच्या लॅब अटेंडंट, माझ्याही आधीपासूनच्या. परीक्षानळ्यांत मापानं द्रावण भरणं हे त्यांचं काम. पण वर्षभरापासून त्यांचे हात थरथरायला लागले होते. दहा मिलीच्या जागी कधी आठ, कधी बारा. "गेटजवळच्या खोलीत बसवा त्यांना," प्राचार्य म्हणाले. जुनं कपाट हलवावं तसं!

"हात थरथरतात, अक्कल नाही थरथरत," मी तिथंच सुनावलं. अन् महिन्याची मुदत मागून घेतली.

मग मशीन बनवायला बसलो. एक मोठी सिरिंज, तिचा दट्ट्या ढकलणारी छोटी मोटर, अन् नळीच्या स्टँडला दहा मिलीच्या उंचीवर बसवलेला उजेडाचा सेन्सर. द्रावण तिथवर चढलं की उजेड बदलतो, अन् प्रोग्राम मोटर थांबवतो. सांगायला लई सोपं! माझा प्रोग्राम रोज नव्या ठिकाणी माती खायचा. मोटर एक तर हलायची नाही, नाहीतर थांबायची नाही. मी चिडलो की मावशी म्हणायच्या, "सर, रागावून न्हाई ऐकत ते. च्या घ्या." शेवटी जमलं. मावशींनी फक्त बटण दाबायचं. बोट कितीही थरथरू दे, दहा म्हणजे दहा.

खंडेनवमीला लॅबमधल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली, नव्या मशीनचीही. दसरा झाल्यावर प्राचार्य बघायला आले. मावशींनी बटण दाबलं. नळी भरली, वाहायला लागली, अन् निळं पाणी टेबलावरून थेट साहेबांच्या पांढऱ्या पँटवर. बघतो तर सेन्सरवर कुंकवाचा लालभडक टिळा!

मी सगळ्यांदेखत मावशींवर ओरडलो. "महिनाभर रक्त आटवलं मी, अन् तुम्हाला कुंकू लावायला हीच जागा सापडली? हात धड नाही तर लावायचं कशाला?" मावशींनी फडकं घेऊन टेबल पुसलं. दुसऱ्याच दिवशी त्यांची खुर्ची गेटजवळ गेली.

आठवड्यानं मोबाईलमध्ये पूजेचे फोटो बघत होतो. सेन्सरवर टेकलेलं बोट माझं होतं. माझीच अंगठी, माझंच घड्याळ. मावशी मागं ताट धरून उभ्या.

तसाच उठून गेटवर गेलो. "मावशी, तुम्ही बोलल्या का नाही?"

"साहेबांपुढं तुम्ही खोटे पडले असते, सर. मग मशीनबी गेली असती."

प्राचार्यांना फोटो दाखवला. ते हसले. "अहो सर, सणाच्या गडबडीत होतं असं!" वा रे न्याय! माझं झालं की होतं असं, मावशींचं झालं की हकालपट्टी. मी भांडलो, टेबलावर हात आपटला. ऑर्डर काही फिरली नाही. अन् त्यांना काय बोलू? मावशींच्या हाताचा विषय सगळ्यांदेखत मीच काढला होता.

मशीन आता बिनचूक चालते. बटण कोणीही दाबतं. माझी गाडी गेटातून आत आली की मावशी खुर्चीचा हात धरून, थरथरत उठून उभ्या राहतात. बसा म्हणायला मला तोंड नाही.